रंग हवा की जोडी?

सिक्लिड माशांची ‘रंगीत ब्रीडिंग पेअर’ ही नाशिकच्या फिशटँकच्या दुकानांतली नेहमीची मागणी आहे. दिंडोरी, वणी, मोहाडी, जानोरी या भागातल्या घरांतही काचेची टाकी आता नवलाची राहिलेली नाही. द्राक्षाला बरा भाव मिळालेल्या वर्षी हॉलमध्ये चार फुटी टाकी येते. ती आली की पाहुण्यांच्या नजरेत भरेल असा मासा तिच्यात असावा आणि त्याला पिल्लेही व्हावीत, असे घरच्यांना वाटू लागते. ही हौस चांगलीच आहे. अंड्यांवर पहारा देणारे आई-बाप आणि त्यांच्याभोवती घुटमळणारा पिल्लांचा पुंजका घरात बसून पाहायला मिळणे ही मुलांसाठी फार मोलाची गोष्ट आहे. पण या मागणीत दोन वेगळ्या इच्छा एकत्र बांधलेल्या आहेत आणि त्या एकमेकींच्या आड येतात, असे माझे स्पष्ट मत आहे. भडक रंग हवा असेल तर जोडी घेऊ नये. जोडी हवी असेल तर दुकानातला रंग पाहून ती निवडू नये. आणि दिंडोरीसारख्या तालुक्यात, जिथे करंजवण, पालखेड, वाघाड, ओझरखेड, पुणेगाव, तिसगाव अशी धरणे गावांना लागून आहेत, तिथे पिल्लांचे पुढे काय करायचे हे ठरल्याशिवाय नर-मादी एका टाकीत आणूच नयेत.

सिक्लिड हे एका माशाचे नाव नव्हे. ते एक मोठे कुळ आहे. शास्त्रज्ञांनी नोंदवलेल्या त्याच्या जाती सोळाशेच्या वर आहेत. बहुतेक आफ्रिकेत आणि दक्षिण व मध्य अमेरिकेत, थोड्या मादागास्करमध्ये, आणि तीन आपल्याकडे भारतात. एंजल, डिस्कस, ऑस्कर हे टाकीतले ओळखीचे मासे याच कुळातले, आणि बाजारात मिळणारी चिलापी, म्हणजे तिलापिया, तीही याच कुळातली. या कुळाची सगळी गंमत पिल्लांच्या संगोपनात आहे. पण संगोपनाच्या तऱ्हा वेगवेगळ्या आहेत आणि रंगाचे कोडे तिथेच सुटते. आफ्रिकेतल्या मलावी सरोवरातले पीकॉक किंवा एम्बुना मासे पाहा. निळे, केशरी, पिवळे नर अगदी उजळ, तर अनेक जातींत मादी करडी. अंडी आणि पिल्ले तोंडात घेऊन मादी सुमारे तीन आठवडे जवळजवळ उपाशी राहते, आणि नर तोवर दुसऱ्या मादीकडे वळलेला असतो. संगोपनात त्याचा वाटा नाही. त्याचा रंग म्हणजे केवळ माद्यांना बोलावण्याची आणि इतर नरांना दटावण्याची खूण आहे. अशा माशांत जोडी नावाची गोष्टच नसते. एक नर आणि एक मादी टाकीत सोडली तर नर तिला दिवसरात्र हाकलत राहतो आणि बहुधा ती मरते. म्हणून जाणकार एका नरामागे तीन-चार किंवा त्याहून अधिक माद्या ठेवतात. याउलट एंजल, डिस्कस आणि आपला भारतीय ऑरेंज क्रोमाइड यांच्यात आई-बाप दोघेही अंडी राखतात, दोघेही पिल्ले सांभाळतात, आणि नर-मादी दिसायला इतके सारखे असतात की अनुभवी माणूसही गोंधळतो. काम वाटून घेणाऱ्यांना एकमेकांपेक्षा भडक असण्याचे कारण उरत नाही. अपवाद आहेत. पश्चिम आफ्रिकेतल्या क्रिबेन्सिस माशात दोघेही पिल्ले सांभाळतात, तरी विणीच्या दिवसांत मादीचे पोट जांभळट लाल होऊन ती नराहून उठून दिसते. पण ढोबळ नियम टिकतो: दुकानात ज्या माशाचा नर सर्वांत दिमाखदार, त्याचा संसार बहुधा जोडीचा नसतो. म्हणून ‘सर्वांत रंगीत जोडी’ मागणारे गिऱ्हाईक निसर्गात क्वचितच असणारी वस्तू मागत असते.

दुसरी गोष्ट अशी की दुकानातला रंग माशाबद्दल फार थोडे सांगतो. माशांना लाल-पिवळे रंग देणारी कॅरोटिनॉइड द्रव्ये माशाचे शरीर स्वतः तयार करू शकत नाही; ती खाद्यातून यावी लागतात. महिनाभर रंगवर्धक खाद्य दिलेला मासा उजळतो, साध्या खाद्यावर तोच फिका पडतो. पांढऱ्या तळाच्या, प्रखर दिव्याखालच्या, लपायला जागा नसलेल्या टाकीत चांगल्या कुळाचा मासाही भेदरून पांढुरका दिसतो. काळसर वाळू, दगड, वनस्पती असलेल्या शांत टाकीत काही दिवसांत त्याचा खरा रंग येतो. काही ठिकाणी तर पिल्लांना खाद्यातून नराचे संप्रेरक देतात. त्यामुळे बोटाच्या दोन पेरांएवढ्या पिल्लावर पूर्ण वाढलेल्या नराचा रंग चढतो, मादीही नरासारखी दिसते, आणि पुढे त्यांची प्रजननक्षमता बिघडू शकते. पीकॉकची पिल्ले पाच-सात सेंटिमीटरची होईपर्यंत मुळात करडीच असतात. टाकीतली सगळीच छोटी पिल्ले लखलखीत निळी असतील तर तिथून ब्रीडिंगसाठी मासा घेऊ नये, एवढा शहाणपणा या एका माहितीतून मिळतो. क्रिबेन्सिसवरचे संशोधन याहून विस्मयकारक आहे. पिल्लांच्या पहिल्या दिवसांत पाणी आम्लधर्मी असेल तर नर जास्त निपजतात, आणि नरांमध्येही लाल की पिवळा हा रंगप्रकार त्या पाण्याच्या सामूवर काही अंशी ठरतो, हे प्रयोगांतून दिसले आहे. म्हणजे ज्याला आपण माशाचा गुण समजतो तो बऱ्याच अंशी पाण्याचा, खाद्याचा आणि निवाऱ्याचा परिणाम असतो. दिंडोरीचा द्राक्ष बागायतदार मण्याच्या नुसत्या रंगावर घड तोडत नाही, ब्रिक्स म्हणजे साखर मोजतो. मासा घेतानाही तीच सवय चालवायला हवी. पंख उघडलेले आहेत का, पोट खपाटीला गेलेले नाही ना, श्वास संथ आहे का, खाद्य टाकल्यावर पुढे येतो का, कणा सरळ आहे का, कल्ल्यांची झाकणे पूर्ण मिटतात का, हे आधी पाहावे. रंग शेवटी.

मग जोडी निवडायची कशी? उत्तर जुने आहे आणि पाळणाऱ्यांनी अनेक देशांत पडताळलेले आहे. ती आपण निवडू नये, माशांना निवडू द्यावी. जोडीने राहणाऱ्या एकाच जातीची सहा ते आठ निरोगी पिल्ले घ्यावीत, शक्यतो दोन वेगळ्या ठिकाणांहून, म्हणजे सगळी सख्खी भावंडे होणार नाहीत. दोन-तीन आठवडे वेगळ्या टबात ठेवून रोग नाही याची खात्री करावी आणि मग एकत्र वाढवावे. काही महिन्यांत त्यांतले दोघे एक कोपरा धरतात, दगड किंवा फुटक्या कुंडीचा तुकडा साफ करू लागतात, इतरांना हुसकावतात. ती जोडी. बाकीच्यांना तेव्हा दुसरी टाकी द्यावी किंवा दुकानाला परत करावे. यावर पहिला आक्षेप खर्चाचा असतो. सहा पिल्ले, वाढीचा काळ, जास्त खाद्य. त्यापेक्षा दुकानदार ‘प्रूव्हन पेअर’, म्हणजे आधी वीण केलेली जोडी, देतो ती काय वाईट? आक्षेप रास्त आहे, पण हिशेब उलटा लागतो. वाढलेल्या जोडीची किंमत बहुधा सहा पिल्लांहून जास्त असते. टाकी बदलली, प्रवासाचा धक्का बसला, की जमलेली जोडीही फुटते आणि बलवान मासा दुबळ्याला मारतो. शिवाय पिल्ले नीट वाढवणारी जोडी कोणी सहजासहजी विकत नाही. अंडी खाणारी, म्हातारी झालेली किंवा मुळात जोडी नसलेले दोन मासे त्या नावाने गळ्यात पडण्याची शक्यता मोठी. विज्ञानही माशांच्या निवडीच्या बाजूने आहे. व्हिक्टोरिया सरोवरातल्या सिक्लिडांवर ओले सीहाउसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास या विषयातला मैलाचा दगड आहे. शेजारच्या जातींचे नर वेगवेगळ्या रंगांचे, आणि आपल्या जातीचा नर मादी रंगावरून ओळखते. सांडपाणी आणि माती मिसळून पाणी गढूळ झाले, तिला रंग नीट दिसेनात, आणि जातींमधली सीमाच पुसट होऊ लागली. म्हणजे रंग पारखण्याचे काम मादीचे डोळे आपल्याहून कितीतरी बारकाईने करतात. ते काम तिच्याकडे सोपवावे आणि आपण तिला निवड करता येईल एवढे मासे आणि स्वच्छ पाणी द्यावे.

संकरित माशांबद्दल माझे मत अधिक कठोर आहे. ज्याला आपल्याकडे नुसते ‘पॅरट’ म्हणतात तो ब्लड पॅरट १९८०च्या दशकात तैवानमध्ये संकरातून तयार झाला. त्याचे तोंड नीट मिटत नाही, खाणे तो घशातल्या दातांनी चिरडतो, आणि त्याचे नर बहुतेक वंध्य असतात. मादी अंडी घालते, नर-मादी दोघे ती राखतात आणि अंडी पांढरी पडून बुरशी धरतात. हे दृश्य वारंवार घडते आणि घरची मुले हिरमुसतात. फ्लॉवरहॉर्न १९९०च्या दशकात मलेशियात आकाराला आला. कपाळावरच्या फुगवट्यामुळे वास्तू आणि भरभराट यांच्याशी त्याचे नाते जोडले गेले आणि त्याच कारणासाठी तो आपल्याकडे विकला जातो. तो फूटभर वाढतो, टाकीत दुसरे कोणी सहन करत नाही, मादीलाही नाही. एकट्याने पाळला तर तो माणसाला ओळखणारा, रुबाबदार मासा आहे, आणि ज्यांना तो आवडतो त्यांनी मोठ्या टाकीत एकटाच जरूर पाळावा. रंगाची हौस पुरवण्याचा खरा मार्गही हाच. एक फ्लॉवरहॉर्न, किंवा मलावीच्या वेगवेगळ्या रंगांच्या जातींचे फक्त नर मोठ्या टाकीत. मादी नसल्याने भांडणे आटोक्यात राहतात, रंग वर्षभर दिसतो आणि एकही पिल्लू होत नाही. रंगीत मासा पाहण्यासाठी जोडी लागते ही समजूतच आधी सोडायला हवी.

जोडीच हवी असेल तर पुढचा प्रश्न दिंडोरीच्या पाण्याचा. दख्खनच्या बेसाल्ट खडकातून येणारे बोअरचे पाणी बहुधा जड असते. किटलीत आणि गिझरमध्ये साचणारा पांढरा थर याची साक्ष देतो. दक्षिण अमेरिकेतल्या मऊ, आम्लधर्मी पाण्यातल्या जंगली डिस्कसला किंवा नाजूक रॅम सिक्लिडला अशा पाण्यात वीण करायला लावणे म्हणजे आरओचे यंत्र, टेस्ट किट आणि सततची काळजी. ग्रामपंचायतीच्या नळाचे पाणी वापरले तर टीसीएल पावडरचा क्लोरीन. पावसाळ्यात त्याचा डोस वाढतो, म्हणून पाणी किमान दिवसभर उघडे ठेवून, हवा सोडून किंवा क्लोरीन काढणारे औषध घालून वापरावे. द्राक्ष पट्ट्याची म्हणून एक खास जोखीम आहे आणि तिच्याबद्दल फारसे कोणी बोलत नाही. बोर्डो मिश्रण आणि कॉपर ऑक्सिक्लोराइड यांतले तांबे माशांना अत्यल्प प्रमाणातही घातक असते. फवारणीची बादली, मग किंवा पाइप टाकीसाठी कधीही वापरू नये. बागेला लागून घर असेल तर फवारणीच्या दिवशी खिडक्या बंद ठेवाव्यात आणि एअर पंप घराच्या आतल्या बाजूला असावा, कारण बाहेरच्या हवेतला फवारा तोच टाकीत ओढून आणतो. मग थंडी. निफाड-दिंडोरी पट्ट्यात डिसेंबर-जानेवारीत पारा एक आकडी होतो आणि हे मासे चोवीस ते अठ्ठावीस अंशांत रमणारे. हीटर लागणारच, आणि वीज गेली की छोटी टाकी तासा-दोन तासांत गार पडते. मोठ्या टाकीचे पाणी उशिरा निवते, बाहेरून थर्माकोल लावले तर आणखी उशिरा. म्हणून दोन फुटीपेक्षा तीन फुटी टाकी इथे जास्त शहाणपणाची. होळीच्या सुमारास पिल्ले आणली तर थंडीआधी ती चांगली मोठी होतात, हेही ध्यानात ठेवण्यासारखे.

या सगळ्या कसोट्या लावल्या तर दिंडोरीसाठी माझी पसंती ऑरेंज क्रोमाइडला आहे. केरळ, कर्नाटक, तमिळनाडू आणि श्रीलंकेच्या किनारी पाण्यातला हा मासा. मल्याळममध्ये त्याला पल्लथी म्हणतात. केरळने २०१० मध्ये राज्यमासा म्हणून जाहीर केलेला करीमीन, म्हणजे गोव्यातला काळुंदर, हा त्याचा मोठा भाऊबंद. पण तो फूटभर वाढतो, घरगुती टाकीला जड जातो. ऑरेंज क्रोमाइड सात-आठ सेंटिमीटरचा, केशरी अंगावर लाल ठिपक्यांच्या ओळी, मधोमध काळा डाग. खाऱ्या-गोड्या सीमेवरचा मासा असल्याने जड पाणी त्याला मानवते. आणि त्याचा संसार पाहण्यासारखा आहे. पिल्ले आई-बापांच्या अंगावरचा चिकट स्राव चाटून खातात. १९६७ मध्ये वॉर्ड आणि बार्लो यांनी या वर्तनावर लिहिले, आणि पुढे हाच मासा करीमीनच्या अंगावरचे परजीवी साफ करतो हेही नोंदले गेले. दुकानात तो फ्लॉवरहॉर्नच्या शेजारी मिणमिणता दिसेल. घरी सहा महिन्यांत, चांगल्या खाद्यावर आणि जोडीदार मिळाल्यावर, तो दिसेल तसा दुकानात दिसणे शक्य नाही. कोणी म्हणेल की भारतीय मासा असल्याने तो धरणात सोडला तरी चालेल. तसे नाही. गोदावरीच्या उगमाकडच्या या पाण्यात तो मूळचा नाही, आणि देशाच्या एका टोकाचा मासा दुसऱ्या टोकाला परकाच असतो.

आता पिल्ले. एका विणीला शे-दोनशे अंडी, आणि सुखी जोडी वर्षातून अनेकदा वीण करते. दोन विणी यशस्वी झाल्या तरी तीन फुटी टाकी भरते, नातेवाइकांना वाटून संपते, दुकानदार फोन उचलेनासा होतो. तेव्हा डोळ्यांसमोर येते ते जवळचे शेततळे किंवा धरणाचा काठ. हे दयेपोटी होते, मी ते नाकारत नाही; माशाला मोकळे केले, जीवदान दिले, असे माणसाला मनापासून वाटते. पण त्या दयेची किंमत दुसरेच कोणी मोजतात. मोझांबिक तिलापिया भारतात १९५२ मध्ये आणला गेला, मत्स्योत्पादन वाढावे म्हणून. त्याचा उपद्रव पाहून १९५९ मध्येच त्याच्या प्रसारावर बंदी घालण्याचा निर्णय झाला. तोवर उशीर झाला होता. आज उजनी धरणाच्या काठी, भिगवणच्या मासळी बाजारात चिलापीचे ढीग लागतात. यावर आक्षेप असा की चिलापीने हजारो घरांना रोजगार दिला, मग तक्रार कसली? रोजगार खरा आहे आणि मच्छीमाराला दोष देण्याचे काहीच कारण नाही. तो पाण्यात आहे ते पकडतो. पण ज्या धरणात पूर्वी अनेक जातींचे देशी मासे मिळत, तिथे एकाच परक्या माशावर पोट अवलंबून राहणे ही जोखीम आहे. आणि प्रत्येक परका मासा चिलापीसारखा विकला जात नाही. टाकीची काच साफ करतो म्हणून घेतलेला सकर मासा उजनीत पोचला आहे. त्याच्या काट्यांनी जाळी फाटतात आणि त्याला गिऱ्हाईक नाही. इंडोनेशियात सुलावेसी बेटावरच्या मातानो सरोवरात फ्लॉवरहॉर्न सोडला गेला आणि जगात इतरत्र कुठेच नसलेल्या तिथल्या माशांच्या जिवावर तो उठला आहे. टाकीत ‘शुभ’ म्हणून आणलेला हाच मासा.

इथे थंडीत असले मासे मरूनच जातील, असेही ऐकायला मिळते. काही मरतील. पण धरणाचा मोठा साठा हवेइतका गार होत नाही, खोल थर उबदार राहतात, आणि थोडे जरी तगले तरी पुढची वीण त्यांचीच. जे मरतील तेही आपले परजीवी आणि रोग पाण्यात सोडून मरतील. शेततळ्यात सोडले तर काय बिघडले, या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक जुलैमध्ये मिळते: तळे भरून वाहते, ओहळाला लागते, ओहळ कादवा नदीला, आणि कादवा नांदूरमध्यमेश्वरला गोदावरीला मिळते. तिथले पक्षी अभयारण्य पाणथळ जागांच्या रामसर यादीत आहे, महाराष्ट्रातले पहिले. पुढे हेच पाणी जायकवाडीत जाते. केरळात २०१८च्या महापुरानंतर नद्यांत दक्षिण अमेरिकेतला अरापैमा सापडला. पाळलेल्या जागेतून तो पुराबरोबर निसटला होता. आणि आपल्या ओढ्यांत काय आहे याची आपल्यालाच फारशी खबर नाही. देवळालीजवळच्या माशांवर होरा आणि मिश्रा यांनी १९३०च्या दशकात काम केले आणि तिथल्याच एका इवल्या माशाचे १९३८ मध्ये शास्त्रीय वर्णन केले. पॅराप्सिलोऱ्हिंकस प्रेटरी हा दगडांना धरून राहणारा मासा दारणा नदीच्या पाण्यातला, आज आंतरराष्ट्रीय यादीत अतिसंकटग्रस्त. त्याला कुठल्याही दुकानात भाव नाही. पण तो नाशिक जिल्ह्याचा आहे आणि जगात दुसरीकडे त्याला घर नाही. अशा माशांच्या पाण्यात आपल्या टाकीतली जास्तीची पिल्ले ओतण्याचा हक्क कोणालाही नाही.

म्हणून पिल्लांची व्यवस्था वीण होण्याआधी लागते. अंडी दगडासकट काढून टाकणे हा सर्वांत सोपा उपाय. एखाद-दुसरी वीण वाढवून मुलांना दाखवावी, पुढे नर-मादी वेगळे ठेवावेत. घर न मिळालेल्या, आजारी माशांसाठी लवंगतेलाचा पुरेसा मोठा डोस ही मान्य असलेली, कमी यातनेची पद्धत आहे. ती ऐकायला कठोर वाटते, पण धरणात उपासमारीने किंवा दुसऱ्याचे घर उद्ध्वस्त करून जगण्यापेक्षा ती माशालाही आणि पाण्यालाही न्याय देणारी आहे. सरकारलाही इथे करण्यासारखे बरेच आहे. २०२०च्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत परसातल्या शोभिवंत मासे पालनाच्या तीन लाखांच्या युनिटला महिला आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी साठ टक्के, इतरांसाठी चाळीस टक्के अनुदान ठरवले आहे. दिंडोरीतल्या आदिवासी पाड्यांवरच्या बचतगटांना हा चांगला जोडधंदा होऊ शकतो, आणि तो व्हावा. पण अनुदानाबरोबर दोन अटी हव्यात: कोणत्या जाती वाढवायच्या याची जिल्ह्याच्या पाण्याला धरून केलेली यादी, आणि टाक्यांच्या सांडपाण्याला बारीक जाळी व शोषखड्डा, म्हणजे एकही पिल्लू ओहळाला लागणार नाही. २०२२च्या दुरुस्तीने वन्यजीव संरक्षण कायद्यात परक्या आक्रमक जातींची आयात, व्यापार आणि बाळगणे यांवर निर्बंध घालण्याचा अधिकार केंद्राला मिळाला आहे. तो फ्लॉवरहॉर्न आणि सकर माशांपासून वापरायला सुरुवात व्हायला हवी.

तोवर निर्णय गिऱ्हाइकाच्या हाती आहे. सहा पिल्ले घेण्याआधी दुकानदाराला एकच विचारावे: यांची पिल्ले झाली तर केवढी झाल्यावर आणि किती परत घ्याल? त्याने आकडा सांगितला तर तो बिलाच्या मागे लिहून घ्यावा आणि ऑरेंज क्रोमाइडची सहा पिल्ले घरी आणावीत. त्याने टाळाटाळ केली तर एक सुंदर नर निवडावा आणि तेवढाच घेऊन यावा.